अनसाबाईकडची किल्ली

बर्कीवाल्यांनी मांजरेच्या काठावर लोखंडी मनोरा उभा करायला जागा हेरली, ती नेमकी अनसाबाईच्या हुलग्याच्या रानात. तिला राग आला नाही. उलट मोजणी करणाऱ्या माणसांना तिनं हंडाभर ताक पाजलं, आणि पाणवठ्यावर चार बायका जमल्या की मान थोडी वर करून सांगायला लागली, "आमच्या रानातून बर्की यायलीय." बर्की म्हणजे वीज. निजामाच्या राज्यात चावडीपासून चुलीपर्यंत सगळे तिला बर्कीच म्हणत. विलायतेतली लढाई चालू होती ती ही सालं. औरादपासून नदीपर्यंत एकाही गावात तोवर विजेचा दिवा लागलेला नव्हता.

आठ दिवसांनी कामाच्या देखरेखीवरचे ओवरशीर साहेब घोड्यावरून आले, तेव्हा पदर नीट करून ती पुढं झाली.

"साहेब, आमच्या घरात दिवा कधी लागंल?"

साहेब हैदराबादेकडचे, वयस्कर, बोलायला मऊ. ते म्हणाले, "बाई, ये लाइन गाव के वास्ते नहीं है." आणि त्यांनी काठीनं नदीच्या पलीकडं दाखवलं. "वो गड्डी पे जाएगी."

नडगड्डीवर म्हणजे धाकट्या जावेच्या, रेणुकाच्या दारात!

मांजरा तिथं दोन धारांत फुटते आणि कोसभर पुढं पुन्हा एक होते. मधे पंधरा-वीस एकरांचा वाळूचा आणि दगडांचा तुकडा राहतो, ती नडगड्डी. उन्हाळ्यात टरबुजं आणि काकड्या, बाकी वर्षभर लव्हाळा. नऊ वर्षांपूर्वी लिंगाप्पा आणि तुळजाराम या दोघा भावांची वाटणी झाली. आज्यापर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, जमीन बापाच्या काळात आलेली. लिंगाप्पा थोरला, अनसाबाईचा नवरा. तो म्हणत होता, चिठ्ठ्या टाकू. पण अनसाबाईनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "चिठ्ठीत गड्डी निघाली तर मी माहेरी जाईन. लहान पोरगी घेऊन पुराच्या तोंडात राहणार न्हाई." मग चिठ्ठ्या पडल्याच नाहीत. काठावरची काळी जमीन थोरल्याला आली, वाळू धाकट्याला. रेणुकाचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिनं भांड्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि एक शब्द न बोलता होडीत जाऊन बसली.

त्यानंतर अनसाबाई तिच्याशी चांगलीच वागली, हे खरं. दर पावसाळ्यात पूर चढला की तुळजाराम बायकापोरांसकट काठावर यायचा, आणि ती त्यांना पडवी द्यायची, पोटभर खाऊ घालायची, जाताना जुनी लुगडी बांधून द्यायची. "बिचारी रेणुका," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. ते म्हणताना तिला बरं वाटायचं. किती बरं वाटतं हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

आता बेटाच्या पलीकडच्या अंगाला जो डोह आहे, जो कधीच आटत नाही, तिथं सरकार पंप बसवणार होतं. शहराला पाणी पाहिजे होतं. पंपाला बर्की पाहिजे होती. बर्की काठावरून नदी ओलांडून जाणार होती.

वैशाखात दोन्ही काठांना मनोरे उभे राहिले. एक अनसाबाईच्या हुलग्यात, एक रेणुकाच्या काकडीच्या वाफ्यापाशी. तार ओढायची वेळ आली आणि वरती कुठंतरी वळीव होऊन नदीला पाणी आलं. दोर पलीकडं न्यायला ठेकेदाराची माणसं धजेनात. तेव्हा तुळजारामानं दोर कमरेला बांधला, भोपळ्याची सांगड छातीखाली घेतली आणि पाण्यात उतरला. सगळं गाव काठावर जमलं होतं. मधल्या ओढीत तो दोनदा दिसेनासा झाला. पलीकडं वाळूवर उभा राहून त्यानं हात वर केला तेव्हा अशी आरोळी उठली की लिंगाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझा भाऊ हाय त्यो," लिंगाप्पा शेजारच्यांना सांगत सुटला.

अनसाबाई म्हणाली, "एवढं काय. मेंढरं पोहून न्यायचे की तुमचे आजे."

त्या दोरामागून तार गेली. साहेबांनी तुळजारामाला पंपघराचा पहारेकरी केलं. पंपघराजवळ एक लोखंडी पेटी बसवली होती, मोठी बर्की तिच्यात शिरून बारीक होऊन बाहेर पडायची. त्या बारीक बर्कीचा एक फाटा साहेबांनी बक्षीस म्हणून तुळजारामाच्या झोपडीच्या ओसरीला दिला. एक दिवा.

लिंगाप्पाच्या वाट्याला एक किल्ली आली.

काठावरच्या मनोऱ्याच्या पायाशी लोखंडी दांडा होता, कुलूप घातलेला. साहेबांनी लिंगाप्पाला नीट समजावून दिलं. मनोऱ्याच्या पायावर पांढरा पट्टा मारलाय. पुराचं पाणी पट्ट्याला लागलं की कुलूप काढायचं आणि दांडा खाली ओढायचा, मग तार मेली. तार नदीवर खाली झोकलेली असते. पुरात झाड वाहत आलं आणि अडकलं, तर तार तुटून पाण्यात पडेल. तारेत तेव्हा बर्की असली, तर पाण्यात जो असेल तो गेला. "ये चाबी घर में रखो. और किसी को मत देना."

लिंगाप्पा बैलगाडी घेऊन बाजार करायचा, चार दिवस घरी तर तीन दिवस बाहेर. किल्ली अनसाबाईच्या चुलीशेजारच्या खुंटीला लागली.

ज्येष्ठात दिवा लागला. अनसाबाई अंगणात भाकरीचं पीठ मळत होती. नदीपलीकडं एकदम पांढरा ठिपका उमटला, न हलणारा, न फडफडणारा. तिची मुलगी कला ओरडली, "माय, काकूचा दिवा बघ!" आणि सगळी गल्ली नदीकडं पळाली. अनसाबाईच्या चिमणीचा उजेड रोजच्याइतकाच होता, पण त्या दिवसापासून तिला तो काळा दिसायला लागला.

मग जे व्हायचं ते होत गेलं. बाजाराहून येणारी माणसं आधी अनसाबाईच्या अंगणात टेकायची, ताक प्यायची. आता ती होडीत बसून दिवा बघायला जायची. बायका डाळी निवडायला गड्डीवर जाऊन बसायच्या. परत येताना म्हणायच्या, "अनसाक्का, तू अजून गेली न्हाईस? कामून? सुई पडली तरी घावती गं तिथं." अनसाबाई म्हणायची, "मला येळ न्हाई." खरं तर वेळ होता, पण पाय उचलत नव्हते.

ज्येष्ठ सरता सरता चिटगुप्प्याचे भीमण्णा कलाला बघायला आले. खाऊनपिऊन सुखी घर, मुलगा शहाणा. अनसाबाईनं दोन दिवस राबून पुरणाचा स्वयंपाक केला. भीमण्णा पाटावर बसले, आणि पहिला घास घेण्याआधी त्यांनी विचारलं, "त्या गड्डीवरच्या बर्कीवाल्या तुळजारामाचे तुम्ही कोण लागता?"

"सख्खा भाऊ," लिंगाप्पा खुशीत म्हणाला.

"मग घर चांगलंच हाय म्हणायचं." जेवण झाल्यावर पाहुणे होडीत बसून गड्डीवर गेले. दिवस मावळेपर्यंत तिकडंच रमले.

अनसाबाई उष्टी पानं उचलत राहिली. नऊ वर्षं रेणुका ही अनसाबाईची जाऊ होती. आता अनसाबाई रेणुकाची जाऊ झाली होती. छातीत जाळ भडकला तो काही केल्या विझेना.

दोन दिवसांनी लिंगाप्पा बाजाराला गेला. दिवेलागणीला कला शेजारी बसायला गेली होती. अनसाबाईनं किल्ली पदरात घेतली आणि हुलग्यातून मनोऱ्याकडं चालू लागली. आपण फक्त बघायला चाललोय, असं ती स्वतःला सांगत होती. कुलूप सहज निघालं. दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं. तो खाली आला तेव्हा वर, उंचावर, निळी ठिणगी चरचरली. ती दचकून खाली बसली. डोळे उघडून पाहिलं तर गड्डीवर काही नव्हतं. नुसता अंधार, जसा तिच्या दारात होता तसाच.

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं!

पलीकडं तुळजाराम कुणाला तरी हाका मारत होता. होडी पाण्यात ढकलल्याचा आवाज आला तशी ती उठली, दांडा वर रेटला, कुलूप घातलं, आणि तो काठाला लागायच्या आत चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवशी ती भाकरी पोटभर जेवली.

आषाढात पुन्हा एकदा आणि श्रावणात दोनदा तिनं तेच केलं. दर वेळी ती ठरवायची, हे शेवटचं. मग कुणीतरी येऊन रेणुकाच्या दिव्याचं कौतुक सांगायचं.

शहराचं पाणी चार वेळा तुटलं. साहेबांना वरून बोल बसले. ते तणतणत गड्डीवर आले. लोखंडी पेटीत खोट नव्हती, पंपात खोट नव्हती, म्हणजे पहारेकऱ्यात खोट. "एक बार और पंप बंद हुआ, तो तू घर बैठ," त्यांनी तुळजारामाला सगळ्यांदेखत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रेणुका अनसाबाईकडं आली. उंबऱ्यावर बसली. ती फार बोलणारी बाई नव्हती.

"अक्का, तुला इथून आमची गड्डी दिसती. दिवा जातो तवा मनोऱ्यापाशी कुणी दिसतं का गं?"

"न्हाई बाई. मी चुलीपाशी असते."

"ह्यांची झोप उडालीय. काही केलं न्हाई तरी चोर ठरलेत." मग ती म्हणाली, "आणि मला तो दिवा लई आवडतो अक्का. खोटं कशाला बोलू. नऊ वर्षं दिवस बुडला की मला भ्या वाटायचं. आता वाटत न्हाई."

अनसाबाईनं तिला गूळ-शेंगदाणे दिले. रेणुका गेल्यावर तिनं किल्ली खुंटीवरून काढून ज्वारीच्या कणगीत खोल पुरली, आणि पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घेतली. पश्चात्ताप म्हणावा तर तोही पुरता नव्हता. 'आवडतो' म्हणताना रेणुकाचा चेहरा कसा उजळला होता, तेच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येत होतं.

भाद्रपदात सलग पाच दिवस पाऊस पडला. सहाव्या दिवशी दुपारी ऊन पडलं, पण नदी चढतच राहिली. वरच्या गावांचं पाणी आता येत होतं. लिंगाप्पा औरादच्या बाजाराला अडकला होता. अनसाबाई काठावर आली तेव्हा तांबडं पाणी मनोऱ्याच्या पायात शिरलं होतं, आणि पांढऱ्या पट्ट्याला लागायला चार बोटं उरली होती.

पलीकडं तुळजाराम होडीत सामान भरत होता. रेणुका आणि दोन्ही पोरं आधीच होडीत बसली होती. दर पुरात यायची तशी ती आताही येणार होती, तारेच्या खालून.

अनसाबाई घराकडं पळाली. कणगीतली ज्वारी तिनं दोन्ही हातांनी उपसली. किल्ली सापडली आणि हात थांबला. आता दांडा ओढला तर पंप बंद. पंप बंद झाला तर तुळजारामाची नोकरी गेली. साहेबाला पट्टा आठवेल की आधीचे चार दिवस? आणि समजा ओढला, आणि पाणी पट्ट्याला लागलंच नाही, तर? बाजारात चार बायका आपल्यालाच म्हणतील, जळकीनं पुराचं निमित्त काढलं. अजून कुणाला काही माहीत नसताना तिला ते शब्द ऐकू यायला लागले. तिच्याच पापानं तिचा हात धरून ठेवला होता.

मग तिला दारातून पोरं दिसली. रेणुकाची दोन पोरं, होडीच्या मधोमध, डोक्यावर पोतं घेऊन बसलेली. ती धावत सुटली. चिखलात दोनदा पडली. मनोऱ्यापाशी पाणी गुडघ्याला लागलं. पट्टा बुडाला होता. कुलपात गाळ गेला होता, किल्ली फिरेना. "फिर गं माय, फिर," ती कुलपाला विनवत होती. होडी काठ सोडून निघाली होती. शेवटी कुलूप निघालं आणि ती सगळा भार टाकून दांड्याला लटकली. वर निळं चरचरलं.

तेवढ्यात वरच्या वळणावरून बाभळीचं अख्खं झाड आलं, मुळ्या वर करून. धारेच्या मधोमध मुळ्या तारेत गुंतल्या. झाड क्षणभर थांबलं, गिरकी घेतली, आणि तार ताणली जाऊन फटकन तुटली. गड्डीकडचा मनोरा वाकला. तार सापासारखी वळवळत होडीच्या पुढ्यातच पाण्यात पडली, तिचं टोक होडीच्या काठावर आपटून गेलं. पोरं किंचाळली. तुळजाराम वल्हं टाकून गोठून उभा राहिला.

काही झालं नाही. तार मेलेली होती.

होडी खूप खाली वाहत जाऊन काठाला लागली. रेणुका धावत आली आणि छातीपर्यंत चिखल झालेल्या जावेला तिनं मिठी मारली. "अक्का, तू नसतीस तर..."

नऊ वर्षं अनसाबाईला हेच पाहिजे होतं, रेणुकानं आपल्या उपकाराखाली असावं. आता ते मिळालं, आणि ते घशाखाली उतरेना.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि साहेब आले. चावडीत पाटील सिद्धलिंगप्पा, दोघे भाऊ आणि गावातली दहा-वीस माणसं जमली. बायका दाराबाहेर उभ्या होत्या. दांडा कोणी ओढला, साहेबांनी विचारलं. लिंगाप्पानं फुगून सांगितलं, "आमच्या घरच्यांनी." साहेबांनी मान डोलावली. या बाईचं नाव मी वर लिहून पाठवतो, चार जीव वाचले, असं ते म्हणाले. मग तुळजारामाकडं वळले. मनोरा पुन्हा उभा राहील, तार पुन्हा ओढली जाईल, पण पहारेकरी दुसरा येईल. चार वेळा पंप बंद पाडणारा माणूस सरकारला नको.

रेणुका भिंतीला टेकली.

अनसाबाईला कळलं की आता काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. गप्प बसलं तर नाव वर जाणार होतं आणि तो दिवा परक्याच्या ओसरीला लागणार होता. पाहिजे होतं ते सगळं आपसूक होत होतं. तेव्हा शेजारची एक बाई हळूच रेणुकाला म्हणाली, "नशीब गं तुझं." आणि रेणुका म्हणाली, "जाऊ दे. अक्कानं पोरं वाचवली. दिव्याचं काय."

अनसाबाई उंबरा ओलांडून आत गेली. बायका चावडीत शिरत नसत. सगळे बघायला लागले.

"साहेब, ते चार बारी बी मीच ओढला दांडा. ह्यांना ठाव न्हाई, तुळजारामाला ठाव न्हाई. किल्ली माझ्याकडं होती."

साहेबांना आधी कळलंच नाही. पाटलांनी त्यांना समजावून सांगितलं. "मगर क्यों?" ते म्हणाले.

"मला बघवत नव्हतं," ती म्हणाली. एवढंच होतं सांगायला.

साहेब खूप रागावले. फौजदारीची भाषा बोलले. सिद्धलिंगप्पांनी हात जोडले, पुराची आठवण दिली, आणि शेवटी किल्ली पाटलांच्या वाड्यात ठेवायची एवढ्यावर मिटलं. नाव वर गेलं नाही. तुळजारामाची नोकरी राहिली. लिंगाप्पा चावडीतून निघाला तो तिच्याकडं न बघता. पुढं दीड महिना तो कलाच्या हातचं पाणी घेत होता, बायकोशी बोलत नव्हता. पाणवठ्यावर तिला 'दांडेवाली' म्हणायला लागले. रेणुकाचं येणं बंद झालं.

गोष्ट चिटगुप्प्यापर्यंत गेली. भीमण्णांचा निरोप आला, मुलीच्या काका-काकूंचा होकार असल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही. अनसाबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी लिंगाप्पा तिच्याऐवजी भिंतीला उद्देशून म्हणाला, "तुळजाराम चिटगुप्प्याला जाऊन आला. रेणुकानं धाडलं त्याला. मार्गशीर्षातली तारीख धरलीय."

दुसऱ्या दिवशी अनसाबाई पहिल्यांदा गड्डीवर गेली. नवा मनोरा उभा राहिला होता, तार पुन्हा ओढली होती. दिवस कलला होता आणि ओसरीत दिवा नुकताच लागला होता. रेणुका सुपानं ज्वारी पाखडून परातीत ओतत होती. ती उठली नाही.

"आलीस?"

"आले."

"बस."

अनसाबाई बसली. वर बघितलं तर डोळे दिपले. परातीतला खडा न् खडा दिसत होता.

मग रेणुकानं विचारलं, "अजून जळतीस?"

अनसाबाई 'न्हाई' म्हणणार होती. शब्द ओठापर्यंत आला होता. "व्हय," ती म्हणाली. "तिकडून दिसायचा तवा एवढा नव्हता. हितं बसून तर जास्तीच जळायले."

रेणुकानं सूप खाली ठेवलं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि अनसाबाईला कळेपर्यंत ती पदर तोंडाला लावून हसत होती. "तोंडावर बोलली असतीस तर काय झालं असतं गं," ती हसता हसता म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज कडू झाला. "माझा माणूस महिनाभर चोर म्हणून जगला. ते मी इसरणार न्हाई."

"नको इसरू," अनसाबाई म्हणाली. तिनं परात स्वतःकडं ओढली आणि खडे वेचायला लागली.

"कलाच्या हळदीला किती बायका सांगायच्या?" थोड्या वेळानं रेणुकानं विचारलं.

"तू सांग. तू म्हणशील तेवढ्या."

"सगळ्या," रेणुका म्हणाली, आणि दोघी बोटांवर नावं मोजायला लागल्या.